झोन बदलला तर गावाच्या आरोग्यावर आणि जगण्यावर काय परिणाम होईल? मूल्यांकनाची क्रमवार पद्धत

गोव्यात जमिनीचा झोन, म्हणजे आराखड्यात तिचा ठरलेला वापर, बदलण्याविरुद्ध दिल्या जाणाऱ्या पुष्कळशा हरकती एकाच कारणाने लंगड्या पडतात. ‘गावाचे नुकसान होईल’, ‘पाणी पुरणार नाही’, ‘संस्कृती नष्ट होईल’ असे त्यांत लिहिलेले असते. कोणत्या वाड्यावर, कोणत्या महिन्यात, कोणाचे, किती आणि कशामुळे, हे मात्र नसते. असे पत्र फाइलला लागते आणि तिथेच राहते.

दुसरी चूक गैरसमजातून होते. ‘सरकार परिणाम तपासेलच’ असे लोक धरून चालतात. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना साधारणपणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना लागू होते. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात सामाजिक परिणाम तपासण्याची तरतूद आहे, पण ती सरकार जमीन संपादन करते तेव्हापुरती. खासगी जमीन नकाशावर ऑर्चर्डची (बागायतीची) सेटलमेंट (वस्तीची) झाली की या दोन्हींपैकी एकही आपोआप लागू होत नाही. आराखड्यातला बदल लोकांच्या आरोग्यावर काय करील हे तपासायला कोणी बांधील नसते, म्हणून ते गावाला, पंचायतीला किंवा एखाद्या अभ्यासगटाला करावे लागते.

पुढची पद्धत एका ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली आहे. बाह्य विकास आराखडा किंवा तालुक्याचा आराखडा तपासायचा असेल तरी क्रम हाच राहतो, फक्त माणसे आणि वेळ जास्त लागतात.

## तयारी: नोटिशीची वाट पाहू नका

गोवा नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम ३९ अ खालच्या झोन बदलाच्या नोटिशीवर सूचना द्यायला ३० दिवस मिळतात. विहिरीची पातळी, आजारांची नोंद, रस्त्यावरची रहदारी हे सगळे त्या ३० दिवसांत गोळा होत नाही. पावसाळ्यात नोटीस निघाली तर मे महिन्यातली विहीर तुम्ही दाखवणार कशी? म्हणून गावाची मूळ माहिती वर्षभर गोळा करून ठेवा आणि नोटीस आल्यावर फक्त हिशेब व लिखाण करा.

हातात असायलाच हवेत असे कागद:

- ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ मधला तुमच्या गावाचा सर्व्हे क्रमांकांसह नकाशा आणि तालुक्याचा भूवापर नकाशा
- संबंधित जमिनींचे एक-चौदाचे (मालकी व कुळाची नोंद असलेले) उतारे (शहरी हद्दीत फॉर्म डी) आणि सर्व्हे प्लॅन
- २०११ च्या जनगणनेतले गावाचे आकडे आणि आजची मतदारयादी
- पंचायतीने गेल्या पाच वर्षांत दिलेल्या बांधकाम परवान्यांची यादी
- राजपत्रातल्या झोन बदलाच्या सगळ्या नोटिसा, शेजारच्या गावांच्यासुद्धा

यांपैकी जे सहज मिळत नाही त्यासाठी माहिती हक्काचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. हा अर्ज आजच टाका, कारण त्याची मुदत आणि हरकतीची मुदत एकाच वेळी धावली तर अर्ज हरतो.

गटात सात-आठ माणसे पुरतात, पण ती एकाच पठडीतली नकोत. नकाशा वाचता येणारा एक, शाळेतले एक शिक्षक, निवृत्त परिचारिका किंवा फार्मासिस्ट, कुळागर (सुपारी-नारळाची बाग) किंवा शेत स्वतः कसणारी व्यक्ती, खाडीकाठचा गाव असेल तर मासेमारी करणारा एक, एक्सेल सांभाळणारा एखादा तरुण, आणि भाड्याने राहणारे एखादे कुटुंब. शेवटचे नाव बहुतेक गट विसरतात, आणि मग भाड्याच्या खोल्यांतला पाण्याचा प्रश्न अहवालात येतच नाही.

इशारा: अंगणवाडी सेविका आणि एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) यांच्याइतकी घरोघरची माहिती कोणाकडे नसते. पण त्यांना हरकतीवर सही करायला लावू नका, त्यांचे काम धोक्यात येते. माहिती हवी असेल तर पंचायतीच्या पत्राने आरोग्याधिकाऱ्यांकडे आणि महिला व बालविकास खात्याकडे मागा.

इशारा: गटातल्या प्रत्येकाने आपली किंवा नातेवाइकांची जमीन या बदलात आहे का ते पहिल्याच बैठकीत लेखी सांगावे. नंतर उघड झाले तर सगळा अहवाल संशयात सापडतो.

## टप्पा १: नेमका कोणता निर्णय तपासायचा ते ठरवा

नोटिशीत कोणते कलम लिहिले आहे ते आधी वाचा. १९७४ च्या गोवा नगर व ग्राम नियोजन कायद्यात २०१८ मध्ये १६ ब, २०२३ मध्ये १७(२) आणि २०२४ मध्ये ३९ अ अशी झोन बदलाची कलमे येत गेली. १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्दबातल केले. प्रत्येक कलमाची प्रक्रिया वेगळी आणि दाद मागायची जागाही वेगळी. हरकत देण्याच्या दिवशी त्या कलमाची स्थिती काय आहे हे वकिलाकडून तपासून घ्या. वर्षापूर्वीच्या हरकतीचा मसुदा उचलून वापरू नका.

मग एका ओळीत लिहा: अमुक सर्व्हे क्रमांक, अमुक पोटविभाग, इतके चौरस मीटर, आज हा झोन, उद्या तो झोन, अनुज्ञेय एफएआर (प्लॉटच्या क्षेत्राच्या तुलनेत एकूण किती टक्के मजलाक्षेत्र बांधता येते) आज इतका, उद्या इतका. ही ओळ लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

तपासा: नोटिशीतले क्षेत्रफळ आणि उताऱ्यावरचे क्षेत्रफळ जुळते का? कित्येकदा सर्व्हे क्रमांकाचा काही भागच बदलात असतो. तो भाग प्लॅनवर रंगवून घ्या.

## टप्पा २: हद्द आखा, पण पंचायतीच्या हद्दीवर थांबू नका

पाणी, सांडपाणी आणि गाड्या पंचायतीची हद्द ओळखत नाहीत. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, बांधकाम झाले की खालच्या वाड्यातली झर आटते. मग हा खालचा वाडा दुसऱ्या पंचायतीत असला तरी तो तुमच्या अभ्यासात हवा. जांभ्याच्या सड्यावर पडणारे पावसाचे पाणी भेगांतून खाली मुरते आणि उतारावर झरीच्या रूपाने बाहेर येते. पेडणे, बार्देश, डिचोलीतल्या पुष्कळ कुळागरांचे पाणी असेच येते. सडा ‘ओसाड’ दिसतो म्हणून तिथल्या बदलाला हरकत घ्यायची नाही, ही महाग पडणारी चूक आहे.

खाजन जमिनीच्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीच्या, बाबतीत उलट दिशेने पाहा. खाजन भरले तर भरतीचे आणि पावसाचे पाणी जाणार कुठे? बांध आणि मानस (पाण्याचे दार) कोण सांभाळतो, त्याच्या काठावर कोणती जुनी घरे आहेत, हे नकाशावर घ्या.

हद्द आखताना चार रेषा काढा: पाणी ज्या उतारावरून वाहते ती, नळाचे पाणी ज्या टाकीतून येते तिचा पट्टा, रोजच्या रहदारीचा रस्ता मुख्य रस्त्याला मिळेपर्यंत, आणि तुमचे प्राथमिक आरोग्य केंद्र ज्या गावांना सेवा देते ती गावे. या चारही रेषांत मिळून येणारा सगळा भाग म्हणजे तुमचे अभ्यासक्षेत्र.

काळाची हद्दही ठरवा. बांधकामाची दोन-तीन वर्षे आणि लोक राहायला आल्यानंतरची दहा वर्षे वेगवेगळी लिहा. पहिल्या काळात धूळ, डास, ट्रक आणि कामगारांच्या झोपड्या असतात. दुसऱ्यात पाणी, सांडपाणी, कचरा आणि भाडे.

## टप्पा ३: आजची स्थिती मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अहवालाचे वजन यावर ठरते.

पाणी. गावातल्या सार्वजनिक आणि वापरातल्या खासगी विहिरी निवडा, प्रत्येक वाड्यातली निदान एक. विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर महिन्याला त्याच खुणेपासून, वजन बांधलेली टेप सोडून, पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. सकाळी पंप सुरू व्हायच्या आधी मोजा. दुपारी मोजले तर उपशाने खाली गेलेली पातळी तुम्ही आटलेली विहीर म्हणून लिहून बसाल. तारीख, वेळ, अंतर, मोजणाऱ्याचे नाव, आणि टेप दिसेल असा फोटो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली नोंद सगळ्यात मोलाची, पण ती एकटी उपयोगाची नाही. ऑक्टोबरपासूनची उतरंड दिसली तरच ती बोलते.

विहिरीपासून जवळच्या शोषखड्ड्याचे अंतरही टेपने मोजा. गोव्यातल्या बहुतेक गावांत मलनिस्सारण वाहिनी नाही, घरोघरी सेप्टिक टाकी आणि शोषखड्डाच आहे. जांभ्यात भेगा असल्याने घाण पाणी मातीत गाळले न जाता लांबवर जाऊ शकते. पावसाच्या सुरुवातीला आणि मे महिन्यात असे दोनदा पाण्याचे नमुने तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय सापडताच कामा नये. दूषित पाणी काळे पडते ती बाटलीतली चाचणी गावात करता येते, पण ती फक्त इशारा देते. अहवालात प्रयोगशाळेचा कागद जोडा.

नळाच्या पाण्यासाठी ‘रोज पाणी येते का?’ असा प्रश्न विचारू नका. किती वाजता आले, किती वाजता गेले, बादली किती मिनिटांत भरली, हे सात दिवस लिहून घ्या. उंचावरच्या शेवटच्या घराची नोंद आणि टाकीजवळच्या घराची नोंद शेजारी शेजारी ठेवा. तिळारी धरणाच्या कालव्याला भगदाड पडले की पेडणे, बार्देश, डिचोलीतल्या नळांचे काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसांत कोणत्या वाड्यात टँकर किती दिवसांनी आला, हेही लिहून ठेवा.

आजार. प्राथमिक आरोग्य केंद्राकडून पाच वर्षांचे महिनावार आकडे मागा: डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, अतिसार, कावीळ, श्वसनाचे आजार, रस्त्यावरचे अपघात. सत्तरीत आणि घाटाच्या पायथ्याशी माकडतापाचीही नोंद हवी, कारण जंगल आणि वस्ती यांच्या मधला पट्टा तुटला की माणसाचा गोचिडीशी संबंध वाढतो.

इशारा: गावपातळीवर आकडे लहान असतात. डेंग्यूचे रुग्ण दोनचे पाच झाले तर ‘१५० टक्के वाढ’ असे लिहू नका. जाणकार वाचक त्याच ओळीवर तुमचा अहवाल बंद करील. ‘पाच वर्षांत इतके रुग्ण, त्यांतले इतके अमुक वाड्यातले’ असे लिहा. रुग्णाचे नाव, घर क्रमांक कुठेही नको.

रस्ता. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी अर्धा-अर्धा तास नाक्यावर उभे राहून दुचाकी, चारचाकी, टँकर, डंपर वेगवेगळे मोजा. एक कामाचा दिवस, एक डिसेंबरातला शनिवार. चालणारी मुले आणि वयस्क माणसे रस्त्याच्या कोणत्या बाजूने जातात, कुठे ओलांडतात, कदंब बससाठी कुठे थांबतात, हे नकाशावर टिपा.

सेवा. राष्ट्रीय निकषानुसार सपाट भागात ३०,००० आणि डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि अनुक्रमे ५,००० व ३,००० ला एक उपकेंद्र अपेक्षित असते. तुमचे केंद्र आज किती लोकांना सेवा देते? रात्री डॉक्टर असतो का? १०८ रुग्णवाहिका कुठून निघते आणि म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पोचायला डिसेंबरात किती वेळ लागतो?

माणसे. २०११ नंतर देशात जनगणना झालेली नाही, त्यामुळे १४,५८,५४५ हा गोव्याचा आकडा आणि तुमच्या गावाचाही आकडा जुना आहे. घरोघर छोटी पाहणी करा. घरात किती जण, साठीच्या वरचे किती, पाच वर्षांखालचे किती, घर मालकीचे की मुंडकारी (दुसऱ्याच्या जमिनीवर वहिवाटीने असलेले) की भाड्याचे, शेत कोणाचे आणि कसतो कोण. २०११ मध्येच गोव्यातले ११.२ टक्के लोक साठीच्या वरचे होते, देशात केरळच्या खालोखाल. म्हणून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे घर नकाशावर असणे हे आमच्याकडे मूळ माहितीचा भाग आहे.

## टप्पा ४: इमारती सोडा, माणसांचा हिशेब करा

आता बदलाचा आकडा माणसांत आणा. उदाहरण घेऊ. २०,००० चौरस मीटर जागा ऑर्चर्डमधून सेटलमेंटमध्ये जाते, एफएआर ६०.

- अनुज्ञेय बांधकाम: २०,००० × ०.६० = १२,००० चौ.मी.
- सरासरी ८० चौ.मी. धरल्यास घरे: १५०
- घरामागे चार माणसे धरल्यास: ६००
- माणशी १३५ लिटर धरल्यास रोजचे पाणी: ८१,००० लिटर
- त्याच्या ८० टक्के सांडपाणी: ६४,८०० लिटर
- नळ पुरला नाही तर १०,००० लिटरचे टँकर: रोज आठ ते नऊ, म्हणजे रस्त्यावरून सोळा ते अठरा फेऱ्या

हा हिशेब ढोबळ आहे आणि तो ढोबळ आहे असेच लिहा. अंतर्गत रस्ते व मोकळ्या जागेने बांधकाम थोडे कमी होईल, जलतरण तलाव आणि बागेने पाणी पुष्कळ वाढेल. गृहीतके पानाच्या वर स्वतंत्र चौकटीत द्या, म्हणजे कोणालाही आकडा बदलून हिशेब पुन्हा करता येईल.

आता दोन गोष्टी करा, ज्या सहसा सुटतात.

पहिली, बेरीज. त्याच गावात असे तीन बदल असतील तर ४५० घरे, १,८०० माणसे, रोज २,४३,००० लिटर पाणी. एकेक प्रकल्प पर्यावरण दाखल्याच्या मर्यादेच्या आत राहू शकतो, तिघांचे मिळून मात्र ३६,००० चौ.मी. बांधकाम होते. ३,००० वस्तीच्या गावात ही भर निम्म्याहून अधिक आहे. आधीच परवाना मिळालेली पण न बांधलेली घरेही या बेरजेत घ्या. नोटीस सर्व्हे क्रमांकागणिक निघते म्हणून हरकतही तशीच द्यायची, या सवयीने गावांचे फार नुकसान केले आहे. हरकत स्वतंत्र द्या, पण प्रत्येकीला बेरजेचे पान जोडा.

दुसरी, हंगाम. पर्यटन पट्ट्यातली आणि विमानतळाच्या आसपासची पुष्कळ घरे वर्षाचा बराच काळ बंद असतात. मग मालकाचा सल्लागार सांगतो की सरासरी वस्ती चाळीस टक्केच. सरासरी बरोबर असेलही. पण ती घरे भरतात डिसेंबर ते मे, आणि विहिरी उतरतात त्याच महिन्यांत. म्हणून वार्षिक सरासरी देऊ नका. ऑगस्ट, डिसेंबर आणि मे असे तीन रकाने करा: तेव्हा माणसे किती, पाणी उपलब्ध किती, मागणी किती.

तपासा: बांधकामाच्या काळातले कामगार हिशेबात आले का? त्यांना पाणी, शौचालय, मच्छरदाणी, पोरांना अंगणवाडी लागते. त्यांना ‘समस्या’ म्हणून लिहू नका. परिणाम भोगणाऱ्यांत ते पहिले असतात.

## टप्पा ५: परिणामाची साखळी लिहा

‘विकासाने आरोग्य बिघडते’ ही साखळी नाही. प्रत्येक परिणामासाठी चार कड्या लिहा: काय बदलते, त्याने परिस्थिती कशी बदलते, ती कोणापर्यंत कशी पोचते, आणि त्यांना काय होते. एकही कडी रिकामी राहिली तर तो परिणाम मुख्य यादीतून काढा.

बांधकामाच्या क्युरिंगचे (काँक्रीट ओले ठेवण्याचे) आणि टाक्यांचे साचलेले पाणी, त्यात ॲनोफिलिस स्टीफन्सी डास वाढतो, तो प्रथम साइटवरच्या कामगारांना आणि मग शेजारच्या घरांना चावतो, परिणाम मलेरिया. ही साखळी पूर्ण आहे आणि तिचा उपायही तिच्यातच दिसतो. डासाची अंडी ते डास हा प्रवास साधारण आठवडा-दहा दिवसांचा असतो, म्हणून साठे आठवड्यातून एकदा कोरडे केले की साखळी तुटते.

सामाजिक परिणामांची साखळी लांब असते म्हणून ती लोक लिहीत नाहीत. लिहा. कुंपण पडते, शेतातून जाणारी पायवाट बंद होते, बसथांब्याला जायला मुख्य रस्त्याने वळसा पडतो, त्या रस्त्याला पदपथ नाही, म्हणून साठीच्या वरची बाई बाजाराला आणि औषधाला जायचे टाळते. किंवा: जमिनीचा भाव चढतो, भाटकार (जमीनमालक) मुंडकाराच्या घराच्या दुरुस्तीला आडकाठी करतो, १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याखाली अर्ज न केलेली कुटुंबे अस्थिर होतात, घर पक्के न केल्याने ओल, आणि ओलीने दमा. यातली प्रत्येक कडी तुमच्याच पाहणीत तपासता येते: पायवाट कुठे, किती माणसे वापरतात, किती मुंडकारांचे दावे मामलेदाराकडे पडून आहेत.

प्रत्येक साखळीपुढे खात्री लिहा: ‘मोजलेले’, ‘दाखल्यावरून’ किंवा ‘अंदाज’. तिन्ही चालतात. अंदाज मोजल्यासारखा मांडणे चालत नाही.

फायदेही याच पद्धतीने लिहा. रोजगार, भाड्याचे उत्पन्न, बसच्या जादा फेऱ्या, औषधाचे दुकान जवळ येणे. आणि विचारा, हे कोणाला मिळणार? गावातल्या मुलींना तिथे काम मिळेल का? फायद्याचे पान नसलेला अहवाल एकतर्फी म्हणून बाजूला ठेवायला सोपा जातो, आणि ज्या घरांना त्या रोजगाराची खरीच गरज आहे त्यांच्यावर तो अन्यायही करतो.

## टप्पा ६: मग वाड्यावाड्यात बसा, शेवटी ग्रामसभा

हा क्रम उलटा केला जातो. आधी ग्रामसभा बोलावली की चार मोठे आवाज ऐकू येतात, ठराव होतो, आणि मोजणी कधीच होत नाही.

वाड्यावर बसताना नकाशा जमिनीवर पसरा आणि लोकांना बोट ठेवायला सांगा: पाणी कुठे साचते, झर कुठे, गुरे कुठून जातात, जत्रेची पालखी कुठून येते, मुले कुठे खेळतात. बायकांची बैठक वेगळी घ्या आणि ती त्यांच्या वेळेला, बहुधा दुपारी तीन ते पाच. भाडेकरू आणि कामगारांकडे तुम्हीच जा, ते मंदिराच्या सभामंडपात येणार नाहीत. प्रश्न मोकळा ठेवा. ‘या प्रकल्पामुळे पाणी संपेल असे वाटते का?’ असे विचारले की सगळे हो म्हणतात आणि त्या होकाराला किंमत उरत नाही. ‘गेल्या मे महिन्यात पाणी कुठून आणलेत?’ असे विचारा.

तपासा: लोकांनी सांगितलेले आणि तुमच्या मोजणीत आलेले जिथे जुळत नाही ती ठिकाणे लाल करा आणि परत जाऊन पाहा. बहुतेक वेळा लोकांचे खरे निघते, कारण त्यांनी वीस पावसाळे पाहिलेले असतात.

मग ग्रामसभा. ठरावात अभ्यासाचे निष्कर्ष आणि मागण्या शब्दशः घ्या, इतिवृत्तात त्या तशाच उतरल्या का ते सचिवाकडे बसून वाचा आणि सहीशिक्क्याची प्रत घ्या.

## टप्पा ७: तीव्रता ठरवा

प्रत्येक परिणामाला गुण देऊन बेरीज करू नका. मलेरियाला सहा, आवाजाला चार, मिळून दहा, या दहाला काही अर्थ नाही. पाच गोष्टी शब्दांत लिहा: किती माणसे, त्यांत कमजोर किती, किती काळ, परत भरून येईल का, खात्री किती. बुजवलेली झर आणि भरलेले खाजन परत येत नाही. त्यामुळे अशा परिणामाला माणसे कमी असली तरी वरची जागा द्या.

मापदंड असतील तिथे ते वापरा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, हवेतल्या पीएम २.५ (सूक्ष्म धूलिकण) ची चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. मोबाईलवरच्या ॲपचे आकडे पुरावा म्हणून देऊ नका.

## टप्पा ८: मागण्या अशा लिहा की अमलात आणता येतील

‘पाण्याची योग्य व्यवस्था करावी’ ही मागणी कोणीही मान्य करतो आणि कोणीच पाळत नाही. मागणीत चार गोष्टी हव्यात: काय, कुठे, कोणी, आणि कोणत्या परवानगीच्या आधी.

बरोबर मागणी अशी दिसते: ‘सर्व्हे क्रमांक अमुक मधील झरीच्या वरचा, प्लॅनवर हिरव्याने दाखवलेला भाग झोन बदलातून वगळावा.’ किंवा: ‘उन्हाळ्यातील पाणीपुरवठ्याचे लेखी प्रमाणपत्र पाणीपुरवठा विभागाकडून मिळेपर्यंत पंचायतीने बांधकाम परवाना देऊ नये.’ किंवा: ‘कामगारांसाठी शौचालय, पिण्याचे पाणी आणि आरोग्य कार्डे यांची पाहणी आरोग्याधिकाऱ्यांनी काम सुरू होण्याआधी करावी.’

झोन बदल, रूपांतराची सनद (जमीन बिगरशेती वापरात नेण्याची परवानगी), बांधकाम परवाना, भोगवटा दाखला हे चार वेगळे दरवाजे आहेत. परवाना आणि भोगवटा दाखला या दोन्ही दारांत आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला लागतो. म्हणून अहवालाची एक प्रत आरोग्याधिकाऱ्यांना पोच घेऊन द्याच. सगळ्या मागण्या पहिल्याच दारात ठेवल्या आणि तिथे हार झाली की गाव थकते. कोणती मागणी कोणत्या दारात, याचा तक्ता करा.

पहिल्या जागी नेहमी ‘बदल करू नये’ किंवा ‘क्षेत्र कमी करावे’ हा पर्याय ठेवा, तो खरोखर लागू असेल तर. नंतर ‘केलाच तर’ या अटी. क्रम उलटा लिहिला तर अटी म्हणजे संमती असा अर्थ काढला जातो.

## टप्पा ९: सादर करणे

मुख्य अहवाल दहा-बारा पानांचा ठेवा, बाकी परिशिष्टात. पहिल्या पानावर टप्पा १ ची ओळ, बेरजेचा तक्ता आणि पाच मागण्या. मुदतीच्या निदान तीन दिवस आधी नगर नियोजन खात्यात हातोहात द्या, आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या, आणि तीच प्रत ईमेलनेही पाठवा. प्रत्येक गावकऱ्याने तोच मजकूर छापून दिला तर ती एकच हरकत धरली जाण्याची शक्यता असते. त्याऐवजी ज्यांच्यावर थेट परिणाम होतो त्यांनी आपल्या घराची, विहिरीची, पायवाटेची वेगळी हरकत द्यावी आणि गटाच्या अहवालाचा आवक क्रमांक तिच्यात लिहावा.

तपासा: प्रत्येक पानावर क्रमांक, प्रत्येक फोटोखाली तारीख आणि जागा, प्रत्येक आकड्यापुढे तो कोठून आला ते.

## टप्पा १०: निर्णयानंतर

निर्णय काहीही होवो, विहिरीची महिन्याची नोंद थांबवू नका. बदल झाला असेल तर आता ती नोंद पूर्वीच्या आणि नंतरच्या तुलनेसाठी हवी. अंतिम अधिसूचना निघाल्यावर माहिती हक्काखाली फाइलच्या टिपण्या मागा आणि तुमच्या कोणत्या मुद्द्याला काय उत्तर दिले आहे ते ओळीने पाहा. उत्तर दिलेलेच नसेल तर तो मुद्दा वकिलाला सगळ्यात आधी दाखवा.

अटींसह मंजुरी असेल तर अटींची यादी पंचायतीच्या फलकावर लावा आणि दर तीन महिन्यांनी गटातल्या दोघांनी साइट पाहून शेरा लिहावा. अट मोडलेली दिसली तर फोटोसह पंचायत, आरोग्याधिकारी आणि नगर नियोजन खाते या तिघांना एकाच दिवशी पत्र द्या, आणि भोगवटा दाखल्याचा अर्ज येईपर्यंत त्या सगळ्या पत्रांच्या पोचा एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवा.